मागचं चाक

साठीच्या बाईंना रेसिंग सायकलची चाकं बदलायची होती, परवडतील अशी. दुकानदार शौकतने हलकी जोडी समोर ठेवली. बाईंनी वजन विचारलंच नाही. मागचं चाक उचलून फिरवलं आणि कान लावला.

"याचा आवाजच येत नाही."

"तेच तर भारी, मावशी! पेडल थांबलं तरी चाक गप्प."

"मग नको."

तिसऱ्या, स्वस्तातल्या चाकाने दुकानभर टरटर केली आणि बाईंचा चेहरा खुलला. असली चाकं गिऱ्हाइकं वैतागून परत आणत. शौकतला राहवेना. "कोणासाठी घेताय?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. बायपास झालीय. घाटात दोघं सायकलवर जातो, मी पुढे असते. दमले तरी सांगत नाहीत, वळून बघितलं तर चिडतात. आता पेडल थांबलं की मला कळेल. त्यांना मात्र सांगा, सगळ्यात हलकं हेच होतं."