डावा पाय

"अक्का, उजवा पाय सैल सोड. आज जोर फक्त डाव्यानं लावायचा," हिंदुराव म्हणाला.

मालनअक्काला वाटलं, भाऊ थट्टा करतोय. ती दोन वर्षांची असताना तिचा डावा पाय पोलिओनं अधू झाला होता. सायकल ती एकट्या उजव्या पायाच्या जोरावर हाणायची. अंगणवाडीचा चढ दमवायला लागला, तेव्हा हिंदुरावनं सायकलीला मोटर बसवून दिली. मूठ पिळली की सायकल पळायची आणि अक्का नुसती बसून राहायची. आज त्यानं पेडलच्या आसात एक सेन्सर घातला होता. पायानं जरासा जोर लावला, तरी तो ओळखून मोटर त्याला कितीतरी पट साथ देणार होती.

"ह्या पायात कसला आलाय जोर?"

"दाबून तर बघ."

तिनं दाबलं. मोटर हलकेच घुमली आणि सायकल पुढं सरकली. अक्का दचकली, तिचा पाय थांबला, तशी मोटरही थांबली. तिनं पुन्हा दाबलं. मोटर पुन्हा घुमली.

"हिंदू, हे माझा पाय करतूय व्हय रं?"

"तुझाच की! तो सांगतूय, मोटर ऐकतीया."

अख्खा चढ ती डाव्या पायाच्या जोरावर चढली. अंगणवाडीच्या दारात पोरांनी "बाई आल्या!" म्हणून गलका केला. इतकी वर्षं जो बारीक पाय ती झाकत आली होती, त्याच्यावरची साडी तिनं सगळ्यांसमोर वर सारली.

"आज ह्यानं आणलं मला," ती म्हणाली.