साखरपुड्याला चहा

“वहिनी, ती किटली खाली ठेवा आधी! साखरपुड्याला चहा? अहो, गावात तोंड दाखवायचंय आपल्याला!” योने दबक्या आवाजात ओरडली.

तोमिएनं किटली खाली ठेवली नाही. नणंदेच्या ओरडण्याची तिला लग्न झाल्या दिवसापासून सवय होती.

डोंगरउतारापासून पार समुद्रापर्यंत या गावात चहाच चहा. पण सोयरीक ठरताना तो ओठांना लावायचा नाही, असा जपानभरचा रिवाज. चहा गढूळ, म्हणून त्या दिवशीचं बोलणंही गढूळ होतं म्हणे. आणि इथला चहा तर जास्तच गढूळ. पानं वाफेवर एवढा वेळ धरतात की त्यांचा चुरा चहात उतरतो, पेल्याचा तळ म्हणून दिसत नाही. म्हणून बाहेरच्या खोलीत पाहुण्यांपुढे खारवलेल्या चेरीच्या फुलाचं गरम पाणी ठेवलं होतं. नितळ, सोवळं, आणि चवीला म्हणाल तर मीठपाणी.

“तासभर ते नितळ पाणी पितोय आपण,” तोमिए म्हणाली. “एक तरी माणूस खरं बोललं का गं?”

खरं काय ते योनेलाही माहीत होतं. तोमिएची लेक शिहो एकुलती एक. तिच्याशिवाय बाग बघायला कुणी नव्हतं. म्हणून केइगो घरजावई व्हायला तयार झाला होता. शहरातली नोकरी सोडून इथे राहायचं, या घराचं आडनाव लावायचं, सगळं ठरलेलं. फक्त क्योतोला राहणाऱ्या आईला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. “लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगू,” म्हणून शिहोनं सकाळीच आईचे हात धरले होते. लेकीचं तोंड बघून तोमिएही ‘बरं’ म्हणून बसली होती.

आणि आता, पाच मिनिटांपूर्वी, विहीणबाई सुगाको काय म्हणाल्या? “शिहोसाठी वरची खोली मोकळी केलीय. चटया नव्या घातल्यात. खिडकीतून नदी दिसते. तिला समुद्राची आठवण येणारच, निदान पाणी तरी दिसू दे म्हटलं.”

त्यावर केइगो फक्त “हं” म्हणाला. ते ‘हं’ ऐकलं आणि तोमिएचं डोकंच फिरलं. ती तडक उठून आत आली होती.

पेले तबकात मांडून ती बाहेर गेली आणि एकेक पेला समोर ठेवत गेली. रेशमी किमोनोत ताठ बसलेल्या सुगाकोबाईंनी तो हिरवागार दाट चहा पाहिला आणि त्यांच्या भुवया वर चढल्या.

“आज चहा?”

“हो, आमच्याच बागेतला. पहिली तोडणी कालच संपली.” तोमिए त्यांच्यासमोर बसली. “विहीणबाई, ऐकून घ्या. शिहो तुमच्याकडे यायची नाही. केइगो इथे येतोय, घरजावई म्हणून. नोकरीही सोडतोय. तुम्हाला नको असेल तर सोयरीक इथेच थांबवू, माझी काही तक्रार नाही. पण तुमचा मुलगा मी चोरून घेणार नाही.”

“आई!” शिहो रडकुंडीला आली. दाराआडून योनेचं “अगं बाई” ऐकू आलं.

सुगाकोबाई मुलाकडे वळल्या. “आणि मला कधी कळणार होतं हे?”

“सांगणारच होतो, आई…”

“कधी? नातवंडं शाळेत गेल्यावर?”

शिहोनं डोळे मिटून घेतले. तोमिए मात्र विहिणीकडे सरळ बघत राहिली. लग्न मोडलं तर लेक वर्षभर बोलायची नाही, हे तिला ठाऊक होतं. पण या बाईला नव्या चटयांच्या रिकाम्या खोलीत वाट बघत बसवायचं तिच्यानं झालं नसतं.

सुगाकोबाईंनी पेला उचलला. एक घोट घेतला, मग दुसरा.

“हात का लपवून बसलायस मघापासून?” त्या मुलाला म्हणाल्या. “बाहेर काढ.”

केइगोनं मांडीखालचे हात पुढे केले. बोटांची टोकं काळी पडली होती. चहाची पानं खुडणाऱ्याची पडतात तशी, साबणानंही न निघणारी.

“रविवारी बॅडमिंटन खेळतो म्हणत होतास ना रे फोनवर?”

केइगोची मान आणखी खाली गेली.

सुगाकोबाईंनी त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि तोमिएला विचारलं, “जमतं का याला?”

“छे! कोवळ्या पानांबरोबर जून देठंही ओरबाडतो. माझी अर्धी टोपली वाया घालवली.” तोमिए खोटं बोलणार नव्हतीच. “पण पाऊस आला की सगळे शेडखाली पळतात, हा नाही पळत.”

सुगाकोबाईंनी मुलाचा हात सोडला नाही.

“मग एक ऐका,” शेवटी त्या म्हणाल्या. आवाज ठाम होता, पण डोळे भरून आले होते. “सकाळी याला उठवायचं तर दारातून हाक मारू नका. ऐकू येत नाही त्याला. आत जाऊन खांदा हलवावा लागतो.”

तोमिएनं दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि विहिणीपुढे कपाळ जमिनीला लावलं.