पेडलचं माप

दोन पेडलं तेवढी राहिली होती. बाकी गाडी तयार होती, आणि कडूबा महिनाभर ती पेडलं कापायचं टाळत होता.

शेवटी रविवारी सकाळी सांडूच ग्राइंडर काखेत मारून आला. दोघंही वाळूजला एकाच कारखान्यात वेल्डर. पुंडलिकनगरात कडूबाच्या दारात उभ्या असलेल्या त्या गाडीत निम्मा घाम सांडूचा होता.

"भाऊ, परवा वर्षश्राद्ध. आज कापायचं म्हंजे कापायचं."

"व्हय," कडूबा म्हणाला आणि चहाचं सांगायला आत गेला. मागच्या तीन रविवारीही तो असाच "व्हय" म्हणून आत गेला होता.

गाडी त्याच्या पोराची, बद्रीची. कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्यानं दोस्तांना घेऊन ती बनवली होती. ढेंगभर चाकं, पाइपांचा पिंजरा आणि आत एकच सीट. चिखल म्हणू नका, दगडगोटे म्हणू नका, कुठूनही उड्या मारत जायची. स्पर्धा झाली की आणखी सीटा टाकू आणि आजीसकट सगळ्यांना पाचोडच्या शेतात नेऊ, असं तो म्हणायचा. चार दिवसांच्या तापात पोरगं गेलं. दोन महिन्यांनी कॉलेजच्या शेडला आग लागली आणि गाडीही जळाली. तो काळा सांगाडा कडूबानं टेम्पोत घालून घरी आणला, तेव्हा त्याची बायको द्वारकाबाई एवढंच म्हणाली, "एकदा अग्नी देऊन भागलं नाय का?"

मग कडूबा कामाला लागला. प्रत्येक पाइप ठोकून पाहिला, आगीत नरमलेले कापून काढले, नवे जोडले. भंगारातून दुसरं इंजिन आणलं. शेजारी बायकोसाठी एक सीट टाकली, पिंजरा मागं वाढवला आणि आईसाठी पाठ टेकायचा बाक केला. शेताकडं जायची पांदीची वाट अशी, की तिच्यात बैलगाडीसुद्धा रडते. गुडघे गेलेल्या आवडाबाईनं नातवाला जिथं अग्नी दिला ती शेतातली जागा अजून पाहिली नव्हती; वर्षश्राद्धाला तिला तिथं न्यायचं होतं. या म्हातारीची आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं कडूबा ठेवलं होतं. कडू म्हटल्यावर मरण तोंड लावत नाही म्हणे. नातवाच्या वेळी मात्र सगळ्यांनी हौसेनं देवाचं नाव ठेवलं. ते आठवून ती अजून स्वतःला दोष द्यायची.

असं एकेक करत सगळं नवं झालं. बद्रीच्या हातचं उरलं ते ब्रेक आणि रेसच्या पेडलांचं वेल्डिंग. वेडंवाकडं, मधेच एक गोळा. "हे वेल्डिंग हाय का शेण थापलंय?" असं कडूबानं तेव्हा त्याला सुनावलं होतं. आता रोज कामावरून आला की तो त्या गोळ्यावरून फडकं फिरवायचा.

पण पाय पुरत नव्हते, त्याला काय करणार? पोरगं सहा फुटी, उंचीनं मामाच्या वळणावर गेलेलं. कडूबा बुटका. लग्नात नवरीला हार घालायला त्याला पाटावर उभं केलं होतं, आणि पाचोडची माणसं अजून तो पाट विसरली नव्हती.

चहा पिऊन तो पुन्हा एकदा गाडीत बसला. पाठीमागं दोन उशा घेतल्या, तरी चवडा हवेतच. सीट पुढं घ्यावी तर स्टिअरिंग पोटात घुसत होतं. सांडूनं खडूनं खूण केली.

"चार बोटं अलीकडं घ्यायचं, बस. अर्ध्या तासाचं काम हाय."

कडूबा मुकाट्यानं उतरला आणि बाजूला तोंड करून उभा राहिला. सांडूनं पिन लावली. ग्राइंडर गरगरला तशी द्वारकाबाई बाहेर आली.

"बंद करा ते."

सांडूनं बंद केलं.

"माप मी घेतलं होतं," ती म्हणाली. "भिंतीला पाठ लावून बसवलं होतं त्याला. ब्लाउज शिवायच्या टेपनं मोजलं. बेचाळीस इंच. टेप थंड लागतो म्हणून हसत होता. आन तुम्ही त्याच्यातलं चार बोटं कापायलेत."

"अगं, मग चालवायची कुणी?" कडूबाचा आवाज चिरकला. "माझा पाय पुरंना."

द्वारकाबाईनं क्षणभर गाडीकडं पाहिलं. मग लुगड्याचा काठ वर खोचला, पिंजऱ्याच्या पाइपाला धरून आत शिरली आणि दोन्ही उशा काढून बाहेर दिल्या. पाठ सीटला टेकवून तिनं पाय लांब केले. जोडव्यांचा पेडलवर टक् असा आवाज झाला.

सांडूनं पिन काढून वायर हाताला गुंडाळली.

कडूबा वळसा घालून शेजारच्या सीटवर चढला. ती त्यानं बायकोच्या मापानं केलेली, त्यामुळं त्याचे पाय खाली टेकेनात. लोंबत्या पायांकडं बघता बघता त्याला रडू कोसळलं. वर्षभर ते कुठं अडून बसलं होतं कुणास ठाऊक. द्वारकाबाईनं त्याला रडू दिलं. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर.

"डावं थांबायचं," नाक पुसत तो कसाबसा म्हणाला.

"थांबून वरीस झालं," द्वारकाबाई म्हणाली. "निघायचं कोणतं, ते सांगा."