मला वळवा

"वत्सला? ती तर ऊसतोडीला गेली की. दिवाळी झाल्या झाल्या," गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाळूआबानं दिपालीला सांगितलं.

"आणि आसारामदादा?"

"त्यो कुठं जातोय? घरीच हाय की."

दिपाली केजच्या एका दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायची. नुकतीच शिकून लागली होती. पावसाळ्यात आसारामला तिथं आणलं, तेव्हा तो तिचा पहिलाच मोठा रुग्ण. शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून पडला होता. कमरेखालचं अंग कायमचं गेलं. घरी नेताना त्याची बायको वत्सलाबाई भिंतीला टेकून उभी होती, आणि दिपाली तिला एकेक गोष्ट समजावत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. ओढायचं नाही, उचलून वळवायचं. चादरीला सुरकुती नको. टाच अधांतरी राहिली पाहिजे. हाडावर लाली दिसली, की त्या कुशीवर निजवायचंच नाही.

शिकत असताना दिपालीनं निजून निजून एका म्हाताऱ्याच्या माकडहाडावर झालेली जखम बघितली होती. आत मूठ मावली असती. त्या वासानं तिला कितीतरी दिवस जेवण गेलं नव्हतं. म्हणून तर आज सुट्टीच्या दिवशी, पट्ट्यांची पिशवी घेऊन, ती जीपनं आसारामच्या गावी, नांदूरघाटला आली होती. आणि इथं बायकोच नव्हती.

गल्लीत एकाआड एका दाराला कुलूप. हातीपायी धड असलेलं सगळं गाव कारखान्याच्या वाटेला लागलेलं. मागं उरली होती ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कोण वळवत असेल त्याला? दिपालीनं उंबऱ्यापाशी श्वास रोखला. मग हळूच सोडला.

वास नव्हता.

आसाराम खाटेवर डाव्या कुशीवर निजला होता. पाठीशी गुंडाळलेली गोधडी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, पोटऱ्यांखाली घडी. टाचा अधांतरी. ती खाली बसली. माकडहाड बघितलं, खुबे बघितले, टाचा बघितल्या. पुन्हा बघितलं. पाठ नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखी नितळ. पिशवीची गाठ सोडायचीसुद्धा गरज नव्हती.

"दादा, कोण करतं हे?"

आसाराम हसला. "गल्ली."

एवढ्यात पलीकडं शाळेची घंटा झाली. दारात पावलं वाजली. कमरेत वाकलेला म्हाळूआबा आत आला. त्याच्या कोपराला धरून मंजुळाबाई आली, दोन्ही डोळे गेलेली. मागून आणखी दोन म्हाताऱ्या, एकीच्या हातात काठी. काठी तिनं भिंतीला लावून ठेवली. चौघं खाटेच्या चार बाजूंना अशी उभी राहिली, जशी आपापल्या ताटावर बसावीत.

दिपाली पुढं सरली. "थांबा, मी पण धरते."

"ताई," म्हाळूआबा म्हणाला, "हात धुतले का?"

ती दचकली. मग बाहेर जाऊन साबणानं हात धुऊन आली.

"आसाराम, उजवीकडं घेतो रं," मंजुळाबाई म्हणाली. अंगाखाली घातलेल्या जुन्या लुगड्याच्या धडप्याला चौघांनी धरलं. ज्यांना स्वतःला उठताना भिंत लागते, त्या चार माणसांनी एका दमात तो उंचापुरा गडी उचलला आणि पाण्यातून होडी वळावी तसा वळवला. मग मंजुळाबाईनं त्याच्या खुब्यावरून, पाठीवरून तळहाताची उलटी बाजू फिरवली, सावकाश, मन लावून.

"मावशी, तुम्हाला लाली कशी दिसणार?"

"दिसत न्हाई गं. पर जिथं दुखावलंय तिथं कातडं ऊन लागतं. उलट्या हाताला बराबर कळतं."

"मला बी कळतं," आसाराम म्हणाला. "खांद्याला हात लागला, की अंधारात सांगतो कुणाचा हाय त्यो. एसटी आली की खांद्याशी म्हाळूआबा. अजान झाली की मंजुळामावशी. ह्येच आमचं घड्याळ. रातच्याला बी कुणी चुकत न्हाई."

दिपालीनं हे एका बाईला सांगितलं होतं. एकाच बाईला, घाईघाईत, उभ्या उभ्या.

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"वत्सलानंच की," मंजुळाबाई म्हणाली. "तिला गेल्याबिगर भागत न्हवतं. एकट्याला ऊसतोडीचं काम मिळत न्हाई, लेकाला कोयत्याला जोडी लागत हुती. जायच्या आदी तिनं याला खाली गोधडीवर निजवलं आन सोता या खाटंवर पडली. कमरेखालचं सगळं अंग सोडून दिलं, मड्यावानी. कधी नवऱ्याचं नाव घेत न्हाई ती. पर त्या दिशी घेतलं. म्हणली, मी आसाराम हाय. मला वळवा."

आसारामनं तोंड भिंतीकडं केलं.

"आमी वळवायचो, ती डोळं उघडायची. म्हणायची, पाय आपटला, परत करा. म्हणायची, ओढलं, कातडं सोललं असतं, परत करा. बाहीर टॅक्टर येऊन उभा ऱ्हायला. मुकादम बोंबलतोय. लेक हाका मारतोय. तिनं कान दिला न्हाई."

"मग?"

"मग एकडाव वळवलं, आन म्हाळूआबा म्हणला, ही डोळं उघडंना. आमी घाबरलो. काय चुकलं आता? मी तिच्या तोंडापाशी कान नेला." म्हातारीचा हात आसारामच्या पाठीवर थांबला. "ताई, ह्यो पडल्यापून जिच्या डोळ्याला डोळा न्हवता, तिला झोप लागली हुती."