माझीच टाळाटाळ

बँडेज सुटलं तेव्हा आई आपल्या उजव्या हाताकडे पाहतच राहिली. संधिवातानं करंगळीकडे कललेली तिची बोटं ऑपरेशननंतर सरळ झाली होती. “अगं, पट्टीनं आखल्यासारखी दिसताहेत!” ती मला म्हणाली. मग तिनं सर्जनबाईंना विचारलं, “आता काजं करायला कधी बसू?” चाळीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती, आणि बटणांची काजं मात्र मशीनवर नाही, हातानंच करायची. सर्जनबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. “चमचा धरता येईल, कप उचलता येईल. पण सांधे फार झिजले होते. सुई धरण्याइतकी नाजूक पकड आता येणार नाही. चार वर्षांपूर्वीच ऑपरेशन करा म्हटलं होतं, तेव्हा का नाही आलात?” तेव्हा आई तयार होती. “आधी माझं बाळंतपण होऊ दे, मग तुझं बघू,” असं मीच म्हटलं होतं. नंतर माझी नोकरी सुरू झाली आणि लेकीला सांभाळायला घरात तीच हवी होती. त्याच हातांनी तिनं बाळाची दुपटी धुतली, पिळली, वाळत घातली. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझीच टाळाटाळ हो,” ती म्हणाली. “जन्मभर सुई हातात, आणि सुईलाच घाबरते मी!” सर्जनबाई हसल्या आणि त्यांनी फायलीत तसं लिहून घेतलं. ‘नाही, तिला मी थांबवलं,’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी आईची पिशवी उचलली आणि पुन्हा कधी यायचं ते विचारलं.