सिंगापूरचे यजमान

"आता तीळ हातात घ्या," असं कमलाकांत गुरुजी म्हणाले आणि समोरचा लॅपटॉप गचकला.

गचकला म्हणजे अगदी ठार. यजमान दिसेनात, आवाज नाही, कडेचा बारका दिवासुद्धा विझलेला. गुरुजींनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता, म्हणजे लाईट गेली नव्हती. त्यांनी बटन दाबून पाहिलं, झाकण मिटून उघडलं, मग चक्क मागून एक चापट मारली. जुना रेडिओ अशानं लागायचा. हे यंत्र मात्र ढिम्म.

तिकडे सिंगापुरात यशोधन आईच्या श्राद्धाला पाटावर बसलेला होता. जानवं उजव्या खांद्यावर, बोटात दर्भाचं पवित्रक, पुढ्यात भाताचे पिंड, आणि सांगणारे गुरुजीच गायब. श्राद्ध अर्ध्यात टाकून उठता येत नाही आणि तिथी काही उद्यावर ढकलता येत नाही. गुरुजींना घाम फुटला.

त्यांनी जिन्याशी जाऊन जुईलीला हाक मारली. जुईली बार्शीटाकळीची. इंजिनिअरिंग शिकायला अमरावतीत आलेली, आणि याच वर्षी गुरुजींच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलेली. ती धावत उतरली. चार्जरवरचा दिवा जळत होता, म्हणजे चार्जर ठीक. तिनं बटन दाबून धरलं, पुष्कळ वेळ धरलं. काही नाही. पिन काढून दुसऱ्या बोर्डात घातली. तरी काही नाही.

मग ती म्हणाली, माझ्या फोनवर जोडून देते. पण जोडणार कसं? लिंक मेलमध्ये आलेली, आणि मेलचा पासवर्ड त्या लॅपटॉपलाच ठाऊक. गुरुजींचा स्वतःचा फोन कर्माच्या दिवशी बंद होऊन कपाटात जायचा, हा त्यांचा जुना नेम.

"मग यजमानाचा नंबर सांगा ना, गुरुजी. मी लावतो," जुईली तिच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली.

"नंबर नाही माझ्याजवळ," गुरुजी म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

जुईलीला नवलच वाटलं. बाकीच्या यजमानांशी गुरुजींना फोनवर तासन्‌तास बोलताना तिनं ऐकलं होतं. पण या यजमानांची तऱ्हाच न्यारी, हे तिला ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा मेल यायचा, ठरल्या दुपारी कर्म व्हायचं आणि 'नमस्कार गुरुजी' म्हणून पडदा मिटायचा.

तिची मैत्रीण प्रणाली अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. जुईलीनं तिला फोन लावला आणि दोघींची बोलणी सुरू झाली. गुरुजी पाटावर नुसते बसून राहिले.

पूर्वी हे असलं लचांड नव्हतं. सायकलला पोथी बांधली की गुरुजी थेट बडनेऱ्यापर्यंत जात. एसटीनं अचलपूर करत, दर्यापूर करत. उंबऱ्यात पाऊल पडलं की घरात लगबग उडायची, पोरंसोरं पाया पडायला धावायची. निम्म्या अमरावतीची लग्नं त्यांनी लावली. एकच तेवढं लावायला ते गेले नाहीत, आणि तो विषय कुणी काढलेला त्यांना खपत नसे. आता ती सगळी पोरं जगभर पांगली होती आणि गुरुजी रिकाम्या खोलीत लॅपटॉपपुढे मंत्र म्हणत होते.

सरोजिनीबाई डोळ्यांपुढं आल्या. आज श्राद्ध त्यांचंच. काय वडे करायची ती माउली! आणि कढी वाढताना हात कधी आखडला नाही. नको नको म्हटलं तरी एक पळी पानात पडायचीच. तसे वडे पुढं कुठल्याच घरी मिळाले नाहीत. आणि हा यशोधन. मुंजीच्या दिवशी भिक्षावळीतला लाडू खाता खाता गुरुजींच्याच मांडीवर झोपून गेला होता, चकोट केलेलं डोकं त्यांच्या पोटाशी टेकवून. आता 'हो गुरुजी' आणि 'झालं गुरुजी' यापलीकडे तोंडातून शब्द काढत नसे. गुरुजीही त्याला अहोजाहो करत.

आज कर्म अर्ध्यात तुटलं, तर पुढच्या वर्षी मेल येईलच कशावरून? सिंगापुरातही गुरुजी मिळतात. बाकीचे यजमान गेले तर जावोत, हा एक तुटू नये, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

"प्रणाली म्हणते, बॅटरी काढून पाहा."

जुईलीनं चार्जर उपसला, लॅपटॉप पालथा घातला आणि खटके सरकवून बॅटरी बाहेर ओढली. बॅटरी चांगलीच फुगली होती. आत उरलासुरला करंट असेल तो जावा म्हणून तिनं परत बटन दाबून धरलं. मग बॅटरी बाजूलाच ठेवून नुसता चार्जर लावला.

दिवा लागला. आत पंखा घुरघुरला.

"चालू होऊन राहिला, गुरुजी. फक्त वायरले हात लावू नका."

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. लिंक उघडायला अंमळ वेळ लागला, पण उघडली. यशोधन होता तिथंच बसलेला होता. पवित्रक बोटात, तीळ मुठीत, डोळे लालभडक. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या सुरात सांगितलं,

"क्षमा करा यजमान, यंत्र बंद पडलं होतं. आता तीळ आणि पाणी सोडा."

यजमान हलले नाहीत. परत अडकलं की काय म्हणून जुईलीनं चार्जरची पिन दाबून पाहिली. पिन घट्ट होती.

"बाबा, फोन लावून लावून थकलो," यशोधन म्हणाला. "मला वाटलं, आईच्या मागं तुम्ही पण गेले."