दोन दिवसांचा मासा

"अप्पा, डोळा अजून जवळ न्या," अर्पिता म्हणाली.

हणमंत भोईटे सूक्ष्मदर्शकावर वाकले. लेक डॉक्टर झाली नाही, जीवशास्त्र शिकून प्रयोगशाळेत मासे पाळते, हे चार वर्षं त्यांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. बायपासनंतरच्या तपासणीला पुण्यात आले, म्हणून पोरीचं मन राखायला इथवर आले होते.

पाण्याच्या थेंबात दोन दिवसांचा मासा होता, तांदळाच्या दाण्याहून बारीक. त्याचं अंग आरपार दिसत होतं. आत काहीतरी धडधडत होतं आणि तांबूस कणांची रांग लगबगीनं धावत होती.

"हे... काळीज?"

"हो. हा मोठा झाल्यावर ह्याच्या काळजाचा तुकडा कापला, तरी तो दोन महिन्यांत पुन्हा उगवतो. कसा, तेच शोधतोय आम्ही. माणसाचंही कधीतरी जमेल."

अप्पांचा हात नकळत छातीवरच्या टाक्यांकडे गेला. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. पोरगी हल्ली काय करते, त्यानं नेहमीसारखं विचारलं.

मासा दचकेल की काय, अशा हळू आवाजात अप्पा म्हणाले, "तिच्याच कामावर आलोय. घरी येऊन सांगतो. एका दमात सांगण्यासारखं नाही ते."